गिरणगाव, जगाचा बाजार आणि जमिनीचा प्रश्न

प्रश्न : माझे वडील चिंचपोकळीजवळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, होते. १९८२ च्या संपानंतर आम्ही कोकणात परतलो. आता माझा मुलगा लोअर परळला नोकरी करतो आणि जागतिकीकरणामुळे मुंबई वाढली, असे म्हणतो. वडील मात्र अखेरपर्यंत म्हणत की, जागतिकीकरणानेच आम्हाला देशोधडीला लावले. यात खरे कोणाचे मानावे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : जागतिकीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर १९९१ हे साल येते, पण मुंबई त्याच्या सव्वाशे वर्षे आधीच जगाच्या बाजाराशी बांधली गेली होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला मुंबई बंदरात सोन्याचा भाव आला. त्या पैशावर समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरवर लोकांनी घरदार लावले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. १८६४ च्या गणनेत मुंबईची वस्ती सुमारे ८ लाख १६ हजार होती, ती १८७२ च्या जनगणनेत सुमारे ६ लाख ४४ हजारांवर आली. दूरदेशीच्या युद्धाने शहर फुगते आणि तहाने ओसरते, हे मुंबईने तेव्हाच अनुभवले होते.

आपल्या वडिलांची गिरणीही त्याच बाजाराचे अपत्य होती. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, घाट ओलांडून आलेल्या आगगाडीने कापूस थेट बंदरापर्यंत आणला आणि मुंबईचे सूत चीनला जाऊ लागले. त्या सुताच्या जोरावरच रत्नागिरी-साताऱ्याची माणसे परळ-लालबागच्या चाळींत आली. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-बारा गडी आणि त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका, असे गिरणगाव उभे राहिले. या बायकांची गणना कामगारांत कधी झाली नाही, याचे मला फार वाईट वाटते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा कुठे त्यांना सावकाराऐवजी बँकेचे दार दिसले.

आता वडिलांच्या म्हणण्याकडे येतो. सुमारे अडीच लाख कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, म्हणजे आर्थिक उदारीकरणाच्या ९ वर्षे आधी. गिरण्या त्यापूर्वीच खिळखिळ्या झाल्या होत्या, कारण मालकांनी यंत्रे बदलली नव्हती आणि विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर स्वस्तात होऊ लागले होते. म्हणून परदेशी भांडवलाने त्यांची नोकरी घेतली, असे मला म्हणता येत नाही. त्यांच्यावर अन्याय झाला तो नोकरी गेल्यानंतर, आणि तो जमिनीच्या रूपाने झाला.

१९९१ नंतर बँका, विमा कंपन्या, जाहिरात संस्था, संगणक-सेवा यांना शहराच्या मध्यभागी कचेऱ्या हव्या झाल्या. कारखाना दूर नेता येतो, पण निर्णय घेणारी माणसे, वकील, हिशेबनीस आणि पैसा पुरवणारे एकमेकांजवळ असलेले त्यांना सोयीचे पडते. म्हणूनच जगाचा व्यापार पसरत असताना मोजक्या शहरांतील जागा मात्र महाग होत गेली. गिरणगावातील सुमारे ६०० एकर जमिनीला त्यामुळे सुतापेक्षा कितीतरी जास्त मोल आले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार अशा जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ मध्ये सरकारने नियम बदलला आणि ही वाटणी गिरणीच्या इमारतींखालची जागा वगळून केवळ रिकाम्या जागेपुरती उरली. प्रकरण न्यायालयात गेले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल बदलाच्या विरोधात लागला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मैदाने आणि घरे यांच्या वाट्याला येणारी जागा त्या एका बदलाने आक्रसली. हा निर्णय न्यूयॉर्कमध्ये किंवा लंडनमध्ये झाला नव्हता; तो मंत्रालयात झाला होता.

त्यामुळे आपल्या मुलाचे म्हणणे खोटे नाही, त्याचा पगार याच वाढीतून येतो. मात्र त्याला एकदा सकाळी ९ वाजता लोअर परळच्या पुलावर थांबून पाहायला सांगा. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या मुलामुलींचा लोंढा जिथून मुंगीच्या पावलांनी सरकतो, ते रस्ते भोंग्यावर पायी कामाला जाणाऱ्यांसाठी आखलेले होते. तेव्हाचा कामगार गिरणीपासून हाकेच्या अंतरावर राहत असे; आजचा नोकरदार डोंबिवली, विरार, पनवेलहून येतो, कारण कचेरीजवळचे घर त्याच्या आवाक्यात नाही.

वडिलांनी म्हाडाकडे गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज केला होता का, हे आपण लिहिलेले नाही. केला असल्यास वारस म्हणून आपला हक्क तपासून घ्यावा. अर्जदार लाखाहून अधिक आणि सोडतीतून मिळालेली घरे काही हजार, असे चित्र असले तरी गिरणीचे ओळखपत्र, हजेरीपट, भविष्य निर्वाह निधीची कागदपत्रे जे काही ट्रंकेत असेल ते जपून ठेवावे.