निवडणूक संपल्यावर रेकॉर्डिंगमधल्या प्रचाराच्या जाहिराती पाहाव्यात का?

आपण विचारले आहे की अमेरिकेतील निवडणूक होऊन महिना उलटला तरी डीव्हीआरवर साठवलेले कार्यक्रम लावले की मध्येच प्रचाराच्या जाहिराती येतात. त्या सरळ पुढे पळवाव्यात, की त्यांत पाहण्यासारखे काही असते? मी येथे बरीच वर्षे राहतो आणि कामाच्या वेळांमुळे बहुतेक कार्यक्रम रेकॉर्ड करूनच पाहतो. माझे मत असे आहे की त्यांपैकी काही तरी अवश्य थांबून पाहाव्यात, कारण मतदानापूर्वी आपण त्या जाहिरातींचे गिऱ्हाईक असतो आणि निकाल लागल्यावर प्रथमच त्यांचे प्रेक्षक होतो.

मला हे उमगले ते २०२२ च्या निवडणुकीनंतर. त्या वर्षी शरद ऋतूत गुन्हेगारीवरच्या जाहिरातींचा अक्षरशः मारा चालू होता. त्यांतली एक ऑक्टोबरमध्ये पाहिल्यावर मी आणि माझ्या पत्नीने खरोखरच उठून दाराचे कुलूप पुन्हा एकदा तपासले होते. डिसेंबरमध्ये एका रेकॉर्डिंगमध्ये तीच जाहिरात समोर आली, तेव्हा मी ती थांबवून थांबवून पाहिली. पडद्यावर क्षणभर झळकणाऱ्या वृत्तपत्राच्या कात्रणाखाली बारीक अक्षरांत वर्ष होते २०१४, आणि मथळ्याचा उरलेला भाग चौकटीबाहेर कापलेला होता. विरोधी उमेदवाराचा चेहरा करड्या रंगात, डोळे अर्धवट मिटलेले, तोंड वेडेवाकडे. मग मला सुचले म्हणून, ज्याने ही जाहिरात केली होती त्याच उमेदवाराच्या दुसऱ्या एका जाहिरातीत, तो हसतमुखाने बोलत असताना मी मनाला येईल तिथे चित्र थांबवले, आणि तिसऱ्या खेपेला अगदी तसाच चेहरा मिळाला. बोलणाऱ्या कोणत्याही माणसाचा मिळतो. ऑक्टोबरमध्ये मात्र त्या चेहऱ्याकडे पाहून मी त्या माणसाविषयी मत बनवले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

थांबवून पाहण्याचा दुसरा उपयोग म्हणजे बोलतो आहे कोण, हे नीट कळते. २००२ च्या प्रचारनिधीविषयक कायद्यापासून संघराज्याच्या पदासाठी उभ्या असलेल्या उमेदवाराला टीव्हीवरील जाहिरातीत आपण हा संदेश मान्य केला आहे असे स्वतः सांगावे लागते, आणि तशी लेखी ओळ जाहिरातीच्या शेवटी किमान ४ सेकंद पडद्यावर ठेवावी लागते. त्यातली तोंडी संमती कुठे उरकली आहे ते पाहावे. मी पाहिलेल्या बोचऱ्या जाहिरातींपैकी कित्येकांत ती अगदी सुरुवातीला, कुटुंबासोबतच्या हसऱ्या चित्रावर उरकलेली असते, म्हणजे पुढची कटुता येईपर्यंत ती संमती कोणाची होती हे विसरून जावे. उमेदवाराच्या स्वतःच्या प्रचारयंत्रणेबाहेरच्या गटांच्या जाहिरातीत उमेदवाराचा असा शब्द नसतो, मजकुराची जबाबदारी आमची एवढेच त्या गटाच्या नावाने सांगितलेले असते. हा भेद क्षुल्लक नाही. १९३४ च्या दळणवळण कायद्यानुसार उमेदवाराच्या जाहिरातीतला मजकूर वाहिनीला बदलता किंवा गाळता येत नाही, मग तो खोटा वाटला तरीही. बाहेरच्या गटाची जाहिरात मात्र वाहिनी नाकारू शकते. शिवाय मतदानापूर्वीच्या ६० दिवसांत उमेदवाराला वाहिनीचा सर्वांत कमी दर मिळतो, म्हणून रेकॉर्डिंगमधली गर्दीही नेमकी त्याच काळातली असते.

पण रेकॉर्डिंगचे खरे मोल मला वेगळ्याच गोष्टीत वाटते. जुन्या जाहिराती पाहायच्याच तर न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेजने १९५२ पासूनच्या अध्यक्षीय निवडणुकांतल्या जाहिराती इंटरनेटवर ठेवल्या आहेत, आणि त्या अवश्य पाहाव्यात. तिथे प्रत्येक जाहिरात सुटी, एकटी असते. आपल्या रेकॉर्डिंगमध्ये ती शेजारपाजाऱ्यांसह सापडते: आधी सांधेदुखीच्या औषधाची, नंतर मोटारविम्याची, पुढे चालू होणारा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम. निवृत्तिवेतनाविषयीची जाहिरात कोणाच्या घरात शिरायला निघाली होती, ते त्या शेजारावरून लगेच कळते, आणि मी आवडीने पाहतो त्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात माझ्यासाठी कोणती भीती निवडली गेली, हेही. १९६४ मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या प्रचारासाठी केलेली, फुलाच्या पाकळ्या मोजणाऱ्या मुलीची आणि मग अणुस्फोटाची सुप्रसिद्ध जाहिरात, पैसे भरून केवळ एकदाच, ७ सप्टेंबरला, एनबीसी या वाहिनीवर एका चित्रपटाच्या मध्ये दाखवली गेली होती. घरात बसून निवांत चित्रपट पाहणाऱ्या माणसाला ती कशी लागली असेल, हे तिची सुटी प्रत पाहून कळत नाही. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१२ मध्ये निधन होईपर्यंत घरी टीव्ही अखंड रेकॉर्ड केला, जाहिरातींसकट. त्यांच्या हजारो कॅसेटी पुढे इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल संग्रहाकडे गेल्या, आणि त्यांनी जाहिराती वगळल्या नाहीत याबद्दल मला त्यांचे फार ऋण वाटते.

निकाल माहीत असल्याने आणखी एक गोष्ट ठळक होते, ती म्हणजे पैशाची ताकद किती आणि मर्यादा किती. कॅलिफोर्नियात त्याच २०२२ मध्ये क्रीडा सट्ट्याला परवानगी देण्याचे दोन प्रस्ताव, क्रमांक २६ आणि २७, मतदानाला होते. दोन्हीकडून मिळून ४० कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली गेली आणि दोन्ही प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळले गेले. प्रस्ताव २७ च्या समर्थनातल्या जाहिरातींचा भर सट्ट्यापेक्षा बेघरांच्या प्रश्नावर होता. आता शांतपणे पाहताना मुख्य विषय किती हळुवारपणे बाजूला ठेवला आहे ते दिसते. तेव्हा मला त्या फक्त कटकटीच्या वाटत होत्या.

सगळ्या पाहण्याची गरज नाही. एकच जाहिरात पाच वेळा आली तर चार वेळा खुशाल पुढे पळवा. जी मतदानापूर्वी आपल्याला सर्वांत पटली होती ती मात्र निवडा, विरोधकांची नव्हे, आपल्या बाजूची. ती एकदा आवाज बंद करून पाहा, मग डोळे मिटून नुसती ऐका. संगीत कोणत्या शब्दावर बदलते ते तेव्हाच कानात भरते. आणि हे लवकर करा, कारण बहुतेक डीव्हीआर जागा संपली की सर्वांत जुने रेकॉर्डिंग आपोआप पुसतात. माझी ती कुलूप तपासायला लावणारी जाहिरात अशीच पुसली गेली, आणि मुलांना दाखवायची राहून गेली.