शैवाक ओळखण्याची सुरुवात

तुम्ही महाबळेश्वरला शैवाके (लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून बनलेले जीव) पाहायला जाणार असाल, तर पहिल्या फेरीत प्रजातींची नावे शोधू नका; दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि जांभूळ-अंजनीच्या खोडांपाशी निवांत थांबा. आधी फक्त घडण ओळखा. सालीला इतके चिकटलेले की नखानेही सुटत नाही, ते कवचासारखे. कडा उचलल्या जातात आणि खाली बहुधा काळसर तंतू दिसतात, ते पानासारखे (मसाल्यातले दगडफूल याच गटातले). फांदीवरून दाढीसारखे लोंबते, ते झुडपासारखे. गुळगुळीत सालीवर काळ्या, वेड्यावाकड्या अक्षरांसारख्या रेघा दिसल्या, तर ते बहुधा ग्राफिडेसी कुळातले कवची शैवाक असते, आणि भिंगाखाली त्या रेघांच्या उभट कडा पाहण्यात खरा आनंद आहे.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या असतात:

- खोडावरचा नारिंगी, मखमली थर शैवाक समजणे. सह्याद्रीत तो बहुतेक वेळा ट्रेंटेपोहलिया हे शैवाल असते.
- बारीक पाने असलेल्या शेवाळालाही (मॉस) शैवाक म्हणणे.
- केवळ रंगावरून ठरवणे. ओले झाल्यावर आतल्या शैवालाचा हिरवा रंग वर येतो, म्हणून कोरडे आणि ओले अशी दोन्ही छायाचित्रे घ्या.

नमुना मात्र खरवडू नका. अनेक शैवाके वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, आणि संरक्षित वनातून परवानगीशिवाय काहीही नेता येत नाही. रासायनिक चाचण्या आणि बीजाणूंचा अभ्यास सध्या बाजूला ठेवा. छायाचित्रासोबत झाडाचे नाव आणि ऊन-सावली मात्र आठवणीने नोंदवा.