लेन्सवरचा फिल्टर: भंडारा, खारं वारं आणि बोटांचे ठसे

वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

*सोमवती अमावस्येला जेजुरी गडावर फोटो काढले. ७७ मिलिमीटरचा यूव्ही फिल्टर (लेन्सपुढे लावायची संरक्षक काच) भंडाऱ्याने पिवळाजर्द झाला. घरी आल्यावर ओल्या रुमालाने पुसला तर त्याचा लगदाच झाला. आता उजेडात धरला की गोलगोल बारीक चरे दिसतात आणि कडेचा पिवळेपणाही गेलेला नाही. चुकलं कुठे?*
— एक वाचक, सासवड

चरे रुमालाने पडलेले नाहीत. सुती धागा काचेपेक्षा कितीतरी मऊ असतो. पाडले ते रुमाल आणि काच यांच्यामध्ये सापडलेल्या कणांनी. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्‌सच्या पट्टीवर काच साडेपाच-सहाच्या आसपास येते आणि गारेची वाळू ७ वर. हळद बिचारी मऊच, पण गडावर उधळलेला भंडारा पायदळी तुडवला जातो, दगडाची धूळ घेऊन पुन्हा उडतो आणि मग लेन्सवर येऊन बसतो. पाणी लागलं की हळदीचा लगदा होतो, त्यात हे कण रुतून बसतात आणि रुमाल गोल फिरवला की तेवढेच गोल चरे उमटतात. कोरडे असते तर निम्म्याहून जास्त नुसत्या हवेने उडाले असते.

दुसरी चूक पाण्याची. हळदीचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. साबण तर मुळीच लावू नका. हळदी समारंभाचे कपडे ज्यांनी धुतलेत त्यांना साबणाने होणारा तो लाल रंग ठाऊक आहे.

पुढच्या वेळी असं करा. गडावर असताना फिल्टर काढूच नका. काढलात तर आट्यांमधली पूड थेट लेन्सच्या काचेवर सांडेल. कॅमेरा उलटा धरून, म्हणजे लेन्सचं तोंड जमिनीकडे करून, रबरी फुग्याच्या ब्लोअरने आठ-दहा झोत मारा. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे शिंतोडे उडतात. दाबाच्या हवेचे डबेही नकोत. डबा जरा तिरका झाला की आतला द्रव थंडगार फवाऱ्यासारखा काचेवर येतो आणि डाग ठेवून जातो.

घरी आल्यावर लेन्स खाली तोंड करूनच फिल्टर सोडवा आणि दोन्ही बाजूंनी पुन्हा झोत मारा. काच आणि कडं यांच्या खाचेत पूड दडून बसते. ती मऊ ब्रशने बाहेर काढा, मात्र ब्रशच्या केसांना बोट लावू नका, बोटाचं तेल केसांवरून काचेवर येतं. एवढं झाल्यावर मग द्रवाकडे वळा. लेन्स टिश्यूची चौपदरी घडी घाला आणि घडीच्या धारेवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाका. थेंब काचेवर टाकायचे नाहीत, ते कडेच्या खाचेत झिरपतात. ओली धार काचेच्या एका टोकाला टेकवून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच, कागदाच्या स्वतःच्या वजनाने ओढा. दाब द्यायचा नाही. तो टिश्यू टाकून द्या आणि पुढचा घ्या. भंडारा असेल तर चार-पाच टिश्यू लागतात, पहिल्यावर गडद पिवळा पट्टा येतो आणि शेवटचा पांढराच निघतो. वापरलेला टिश्यू उलटवून पुन्हा फिरवायचा मोह होतो, तिथेच नवा चरा पडतो. कडेचा उरलेला पिवळेपणा कान कोरायच्या काडीला थेंबभर अल्कोहोल लावून काढा, पण काडी खाचेतच फिरवायची, काचेच्या मध्यावर आणायची नाही.

पडलेले चरे घरी निघत नाहीत. टूथपेस्टने घासा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पेस्टमध्ये घासणारी पूडच असते. फिल्टरवरचा परावर्तनरोधी लेप इतका पातळ असतो की त्याचा एकेक थर साधारण १०० नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. पेस्टने चरा जाण्याआधी लेप जाईल. त्यापेक्षा चाचणी घ्या. लेन्सचं छिद्र एफ-१६ वर, म्हणजे अगदी लहान ठेवून वाइड लेन्सने सूर्य किंवा रस्त्यावरचा दिवा चौकटीच्या कडेला येईल असा फोटो काढा, एकदा फिल्टर लावून आणि एकदा काढून. दोन्हींत फरक दिसला तरच फिल्टर बदला. बारीक चरे बहुतेक वेळा फोटोत उतरत नाहीत, मनात मात्र सलत राहतात.

*औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, हँड सॅनिटायझर, काच पुसायचा निळा फवारा, यातलं काय चालेल?*
— एक वाचक, कोल्हापूर

तिन्ही नकोत. सॅनिटायझरमध्ये हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन घालतात, ते वाळत नाही आणि काचेवर चिकट पट्टे राहतात. निळ्या फवाऱ्यात रंग आणि सुगंध असतो. दुकानातल्या स्पिरिटमध्ये अल्कोहोलशिवाय आणखी काय मिसळलंय हे बाटलीगणिक बदलतं. नेलपॉलिश रिमूव्हर तर चुकूनही नको, ॲसिटोनने कड्यावरची अक्षरं आणि लेन्सचं प्लॅस्टिक दोन्ही खराब होतात.

मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे ‘आयपीए’ म्हणून ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल मिळतं, तेच घ्या. घरी आणल्यावर साध्या काचेच्या तुकड्यावर एक थेंब वाळवून बघा. मागे वलय राहिलं तर ती बाटली फिल्टरसाठी वापरू नका. पंखा चालू ठेवा, देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब बसा.

डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं. मागताना ‘बॅटरीचं पाणी’ एवढंच म्हणू नका. त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं आणि कॅन सारखेच दिसतात. लेबल वाचून घ्या. बोअरचं पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच.

*गुहागरच्या किनाऱ्यावर दोन दिवस फोटो काढले. पोलरायझरवर (चमक कमी करणाऱ्या, फिरवता येणाऱ्या फिल्टरवर) धुरकट थर आलाय, अल्कोहोलने पुसला तरी नुसता पसरतो. शिवाय फिरवताना कड्यातून किरकिर आवाज येतो.*
— एक वाचक, चिपळूण

तो थर मिठाचा आहे. समुद्राचे बारीक तुषार काचेवर वाळतात आणि मीठ मागे राहतं. १०० मिलिलिटर पाण्यात ३५ ग्रॅमपर्यंत मीठ विरघळतं, आयसोप्रोपिलमध्ये जवळजवळ नाहीच. म्हणून अल्कोहोलने ते इकडचं तिकडे होतं एवढंच. भंडाऱ्याच्या नेमकं उलट प्रकरण: इथे आधी पाणी, मग अल्कोहोल.

यूव्ही फिल्टर असता तर झोत मारून झाल्यावर धुऊनच टाका म्हटलं असतं. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, फिल्टर दोन-तीन मिनिटं बुडवून ठेवायचा, पाण्याखालीच बोटाच्या पेराने अलगद चोळायचा आणि डिस्टिल्ड वॉटरने विसळून घ्यायचा. थेंब पुसायचे नाहीत, टिश्यू टेकवून टिपून घ्यायचे. बेसिनमध्ये खाली टॉवेल अंथरा, निसटलेला फिल्टर नेमका काठावरच आपटतो.

पोलरायझर मात्र बुडवायचा नाही. त्यात दोन काचांच्या मध्ये फिल्म चिकटवलेली असते. पाणी कडेने आत शिरलं तर थर सुटायला लागतात आणि काठापासून इंद्रधनुषी डाग आत सरकत येतो. त्याला इलाज नाही. तुम्ही टिश्यूच्या घडीवर डिस्टिल्ड वॉटरचे दोन-तीन थेंब घ्या, वर सांगितल्याप्रमाणे एकेक टिश्यू एकदाच ओढा, आणि धुरकटपणा गेल्यावर शेवटचा हात आयसोप्रोपिलचा. पोलरायझर मोटारीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, फिल्म उष्णतेनेही बिघडते.

किरकिर म्हणजे दोन कड्यांच्या फटीत वाळू. फिरवणं लगेच थांबवा. फट जमिनीकडे येईल असा फिल्टर उभा धरा, झोत मारा, थोडा फिरवा, पुन्हा मारा. चार-पाचदा केल्यावर आवाज थांबतो. नाही थांबला तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. तेल घालू नका, गरम झालं की ते काचेवर पसरतं.

*व्हेरिएबल एनडीच्या आत धूळ दिसते.*
— एक वाचक, पणजी

व्हेरिएबल एनडी म्हणजे उजेड हवा तेवढा कमी करणारा फिल्टर. त्यात दोन पोलरायझर समोरासमोर बसवलेले असतात, त्यामधली धूळ घरी निघत नाही. बाहेरून झोत मारून बघा, एवढंच आपल्या हातात. ठिपके फोटोत दिसत नसतील तर दुर्लक्ष करा. ठिपका फोटोत टोकदार दिसत असेल तर तो फिल्टरवरचा नसतोच, सेन्सरवरचा असतो.

*फिल्टर लेन्सवर घट्ट बसलाय, हलतच नाही.*
— एक वाचक, नाशिक

जोर लावला की चिमटीने कडं किंचित लंबगोल होतं आणि आटे आणखी धरतात. म्हणजे जितकं दाबाल तितकं घट्ट. फिल्टरभोवती रुंद रबरबँड बसवा आणि कड्याला पाचही बोटांनी सारखं, हलकं धरून उलटं फिरवा. तेवढ्याने नाही भागलं तर धुतलेल्या रबरी चपलेचा तळ कड्यावर सपाट टेकवून फिरवा. काच आत दबलेली असेल तरच हे करा, कड्याच्या वर आलेली असेल तर रबराखालचा कण चरा पाडेल. थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा असंही सांगतात. आपल्या हवेत बाहेर काढल्यावर लेन्सवर दव धरतं, तेव्हा ते नकोच.

लावताना फिल्टर आधी उलट दिशेने पाव फेरा फिरवा, आटा ‘टक्’ करून बसला की मग आवळा, आणि टेकल्यावर थांबा. ॲल्युमिनियमच्या कड्यापेक्षा पितळेचं कमी अडकतं. महाग पडतं, पण रोज काढ-घाल करणाऱ्याला परवडतं.

*पावसाळ्यानंतर फिल्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले. बुरशी का? फिल्टर तांदळात ठेवू का?*
— एक वाचक, डोंबिवली

बुरशीच. आयसोप्रोपिलने दोनदा पुसा. धागे जातील, पण त्यांनी लेप खाल्ला असेल तर नक्षी तशीच राहते. तिरक्या उजेडात जिथे हिरवट-जांभळी झाक न दिसता पांढरी चमक दिसते, तिथला लेप गेला. असा फिल्टर लेन्सवर ठेवू नका, पिशवीतही नको.

तांदूळ नको, त्याची पीठूळ पूड आट्यांत जाते आणि पोरकिडे होतात ते वेगळंच. झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. केशरी दाणे हिरवे झाले की १२० अंशांवर दीड-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्टचं संयुग असतं आणि तापवणार आपण स्वयंपाकघरातच. फिल्टरसोबत येणारी फोमची पाकिटं पावसाळ्यात काढून ठेवा, ओल तेच धरून ठेवतात.

*मायक्रोफायबर कापड किती दिवसांनी बदलायचं? जुन्या धोतराचं फडकं चालेल का?*
— एक वाचक, सोलापूर

धोतराचं फडकं मऊ असतं हे खरं, पण घरच्या धुण्यात त्याला खळ, निळीचे कण आणि बोअरच्या पाण्यातले क्षार लागलेले असतात. कॅमेऱ्याच्या बॉडीसाठी वापरा, काचेला नको.

मायक्रोफायबर टाकून द्यायची गरज नसते, धुवायची असते. दर पाच-सहा वापरांनंतर बिनवासाच्या लिक्विडने वेगळं धुवा, खळखळून विसळा आणि सावलीत, धूळ नसेल तिथे वाळवा. भंडाऱ्याचं पिवळं झालेलं कापड तेवढं उन्हात घाला, हळदीचा रंग उन्हाने उडतो. फॅब्रिक कंडिशनर कधीच नको, त्याचा मेणचट थर धाग्यांवर बसतो आणि पुसताना काचेवर उतरतो. जमिनीवर पडलेलं कापड, कितीही स्वच्छ दिसत असलं तरी, धुतल्याशिवाय फिल्टरला लावू नका. बॅगेच्या कप्प्यात मोकळं कोंबण्यापेक्षा झिपच्या छोट्या पिशवीत ठेवा आणि शेजारी एक जादा कापडही असू द्या.