घरातला ऑक्सिमीटर कधी 97, कधी 89 दाखवतो. बदलावा का?

आई गुहागरजवळ गावी असते, तिला दमा आहे आणि यंत्राचा आकडा सारखा खालीवर होतो, असं तुम्ही लिहिलंय. मी दापोलीकडचा. वडिलांसाठी चार वर्षं ऑक्सिमीटर वापरलाय. यंत्र बदलण्याआधी आईच्या बोटांना हात लावून बघा.

पावसाळ्यात मागीलदारी भांडी घासून आलेल्या माणसाची बोटं गार असतात. हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडतं आणि प्रत्येक ठोक्याला तो किती शोषला जातो, त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्केवारीतला आकडा काढतं. बोटात रक्तच नीट पोचत नसेल तर आकडा भलताच येणार. हात पुसून, चोळून गरम करा, पाच मिनिटं टेकून बसवा, मग मधल्या बोटाला लावा. नेलपॉलिश आणि ताजी मेंदी नको. पहिला आकडा सोडून द्या, अर्ध्या मिनिटाने स्थिरावेल तो धरा. मनगटावर नाडी मोजा. ती यंत्रातल्या नाडीशी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही खरा मानू नका.

पुढच्या खेपेला यंत्र डॉक्टरांकडे न्या, त्यांच्या यंत्राशी ताडून बघा. दोनतीनचा फरक चालतो. नवं घ्यायचंच झालं तर नाडीची लाट किंवा पट्टी दिसणारं घ्या. खाऱ्या हवेत सेल लवकर गंजतात, वापर नसेल तेव्हा काढून ठेवा.

चुलीबद्दल मात्र फार सांभाळा. कोंडलेल्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्ताला चिकटतो आणि साधं यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजतं. न्हाणीची चूल पेटवून आई डोकं धरून बसली असेल, तर 98 बघून गप्प राहू नका. आधी तिला मोकळ्या हवेत आणा, मग डॉक्टरांना गाठा.

साधारण माणसाचा आकडा 95 च्या वर असतो. फुफ्फुसाचं जुनं दुखणं असलं की नेहमीचाच कमी असू शकतो, वडिलांचा 92 असायचा. आईचा किती चालेल आणि कितीवर उतरला की दवाखान्यात निघायचं, हे डॉक्टरांना आताच विचारा आणि कालनिर्णयवर लिहून ठेवा. बरं वाटत असतानाचे रोजचे आकडेही तिथेच लिहा.

दम्यात धाप वाढली तरी आकडा बराच वेळ चांगला राहतो. आईला एका दमात वाक्य पुरं करता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर आकडा न बघता 108 ला फोन करा. तिकडून चिपळूण गाठायला तास सहज जातो.