देवगडातल्या जुन्या ४८६ संगणकाला राउटरशी जोडायला कोणतं कार्ड घ्यावं?

आंब्याचे जुने हिशेब डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये अडकलेत, फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडलाय आणि फायली नेटवर्कवरून बाहेर काढायच्यात, असं तुम्ही लिहिलंय. निघतील, नक्की निघतील.

पण कार्ड मागवण्याआधी कॅबिनेट उघडा. त्या काळच्या बऱ्याच मदरबोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ निकेल-कॅडमियमची नळकांडी बॅटरी सोल्डर केलेली असते. ती झिरपली की आतली अल्कली तांब्याच्या रेषा खाते. हिरवट बुरा दिसला तर बॅटरी काढून टाका, जागा व्हिनेगरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्याआधी बायॉसमधले (मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ सेटिंगमधले) हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे वहीत उतरवून घ्याच. बॅटरी गेली की ते पुसले जातात आणि मशीनला स्वतःची डिस्क ओळखता येत नाही.

नेटवर्क कार्ड आयसा स्लॉटचं, म्हणजे त्या काळच्या मदरबोर्डवरच्या जुन्या खाचेत बसणारं हवं. माझी पसंती थ्रीकॉमच्या ३सी५०९बी ला. एनई२००० या जुन्या प्रचलित कार्डाच्या धर्तीवरची स्वस्त कार्डंही चालतात. फक्त आरजे-४५ची (नेहमीच्या नेटवर्क केबलची) खाच आहे ना, ते बघून घ्या. नुसतं गोल बीएनसी (जुन्या जाड केबलचं सॉकेट) असेल तर राउटरची केबल लागणार नाही. थ्रीकॉमच्या कार्डावर दोन्ही असतील तर त्याच्या सेटअप प्रोग्रॅममध्ये आरजे-४५ निवडावं लागतं, नाहीतर केबल लावूनही दिवा पेटत नाही. तिथेच प्लग अँड प्ले (आपोआप सेटिंग) बंद करा, पत्ता ३०० हेक्स आणि आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची लाइन) १० ठेवा. आयआरक्यू ३ टाळा, तो कॉम-२ या दुसऱ्या सिरियल पोर्टचा असतो.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत स्लॉटचे संपर्क काळवंडतात, म्हणून स्लॉट आणि कार्डाची सोनेरी कड अल्कोहोलने पुसा. खोडरबर घासू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

हे कार्ड १० मेगाबिटचं. साध्या राउटरला ते चालतं. काही नवे २.५ गिगाबिटचे पोर्ट मात्र त्याला दाद देत नाहीत. तसं झालं तर मध्ये एक साधा स्विच लावा.

डॉसवर आधी कार्डाचा पॅकेट ड्रायव्हर (डॉसला कार्ड वापरू देणारा छोटा प्रोग्रॅम) चढवा, मग एमटीसीपी हा डॉससाठीचा नेटवर्क प्रोग्रॅमांचा संच. ते फुकट मिळतं आणि त्यात फायली नेटवर्कवरून देणारा एफटीपी सर्व्हर आहे. तो जुन्या मशीनवर चालवून नव्या लॅपटॉपवरून फायली ओढा. विंडोज शेअरिंगच्या मागे लागू नका, त्याची जुनी पद्धत २०१७ पासून नव्या विंडोजमध्ये मुळातच बंद असते. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून हे घरातल्या नेटवर्कपुरतंच ठेवा. वळवाच्या गडगडाटात केबल काढून ठेवा.

पूर्ण फोल्डरच उचला. डीबीएफ या मुख्य फायलींसोबत एफपीटी (लांब मजकुराच्या) आणि सीडीएक्स (सूचीच्या) फायलीही हवेत. लिबरऑफिस कॅल्क डीबीएफ उघडतं. गिऱ्हाइकांची नावं मराठीत असतील तर ती बहुधा इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात असतील आणि युनिकोडमध्ये आणावी लागतील. एखाद्या स्लॉटात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड (पडद्यावर भारतीय लिप्या दाखवणारं) दिसलं तर नव्या कार्डाला जागा करायला ते उपटू नका. त्याच्याशिवाय पडद्यावर ती नावं वाचता येणार नाहीत, आणि रूपांतर बरोबर झालं का हे ताडून बघायला तोच पडदा लागेल.