मोठे टायर आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर

प्रश्न : मी अमेरिकेतील डेन्व्हर या उंचावरच्या शहरात राहतो. माझ्याकडे २०१४ची चार दारांची जीप रँग्लर स्पोर्ट आहे. तिला ३.६ लिटरचे पेट्रोल इंजिन, पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि कागदोपत्री ३.७३चे डिफरन्शियल आहे (म्हणजे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे ३.७३ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो). खडकाळ वाटांसाठी मी ३२ इंची टायर काढून ३५ इंची बसवले. तेव्हापासून आय-७० महामार्गावर रॉकी पर्वतातील आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना गाडी ओढत नाही आणि टॉप गिअर क्षणभरही टिकत नाही. डिफरन्शियलमधील क्राऊन-पिनियन (मोठे व छोटे दातेरी चाक) बदलायचे तर गुणोत्तर ४.१०, ४.५६ की ४.८८?

उत्तर : टायरचा व्यास वाढला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, आणि त्याच वेगाला इंजिन कमी फिरते. आपले ३.७३ आता ३.४१ असल्यासारखे वागत आहे. पूर्ववत होण्यासाठी ३.७३ला ३५ने गुणून ३२ने भागले तर ४.०८ येते, म्हणून ४.१० पुरेसे आहे असे पुष्कळांना वाटते. हिशेब चुकलेला नाही, परंतु तो केवळ व्यासाचा आहे. ३५ इंची टायर जड असतो, उंचावलेल्या गाडीला वारा अधिक अडवतो, आणि आपल्याकडे तर हवाच विरळ आहे. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे ढोबळमानाने तीन टक्के ताकद गमावते; हा बोगदा अकरा हजार फुटांहून उंचावर असल्यामुळे तेथवर पोहोचेपर्यंत इंजिनची तीस टक्क्यांच्या आसपास ताकद गेलेली असते.

त्यातच या इंजिनाचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिनिटाला ४८०० फेऱ्यांना मिळतो. खालच्या फेऱ्यांत त्याच्याकडून ओढीची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. ताशी ६५ मैलांना टॉप गिअरमध्ये ते पूर्वी सुमारे २११० फेरे घेत होते, आता १९३० घेते. ४.५६ बसवल्यास २३६० आणि ४.८८ बसवल्यास २५३० फेरे होतील. आपला घाट, आपली उंची आणि आपला गिअरबॉक्स पाहता मी ४.८८ निवडेन. सपाट मुलुखातील लांबचा प्रवासच मुख्य असता तर ४.५६वर थांबलो असतो. ५.१३च्या मोहात मात्र पडू नये, कारण गुणोत्तर वाढते तसे पिनियन बारीक होत जाते: ३.७३मध्ये त्याला ११ दात असतात, ४.८८मध्ये ८च. आपल्या गाडीचा पुढचा एक्सल, म्हणजे डाना ३० हे मॉडेल, मुळातच मागच्या डाना ४४पेक्षा नाजूक आहे.

गाडी आपण जुनी घेतली असल्यास कागदावर विसंबू नये. गिअर न्यूट्रलमध्ये टाकून, इतर चाकांना अडण्या लावून, मागचे एकच चाक जॅकवर उचलावे, प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे जाणाऱ्या दांड्यावर) खडूने खूण करावी आणि ते चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवावे. शाफ्ट पावणेचार फेऱ्यांच्या किंचित अलीकडे थांबला, तर ३.७३ खरे. (एक चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा. मागच्या एक्सलला लॉकर किंवा लिमिटेड स्लिप, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळे फिरू न देणारी यंत्रणा, असल्यास ही रीत चालत नाही.)

प्रश्न : खर्च वाचवण्यासाठी तूर्त फक्त मागचे क्राऊन-पिनियन बदलले तर चालेल का?

उत्तर : नाही. आपल्या गाडीत फोर-व्हील लावले की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) पुढचा व मागचा शाफ्ट एकत्र जखडते. दोन एक्सलची गुणोत्तरे वेगळी असतील तर चाके एकमेकांशी झगडतात, आणि घट्ट जमिनीवर सांधे किंवा गिअर तुटतात. पैसे हातात येईपर्यंत दोन्ही कामे थांबवावीत. काम देताना कारागीर शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, मोजतो का, आणि दातांवर रंग लावून त्यांचा ठसा कोठे उमटतो ते पाहतो का, हे विचारून घ्यावे. येथील निष्काळजीपणा काही महिन्यांत घरघरीच्या रूपाने ऐकू येतो. नवे गिअर बसल्यावर पहिले पाचशे मैल गाडीने ट्रेलर वगैरे काही ओढू नये आणि त्यानंतर डिफरन्शियलचे तेल बदलावे. टायरचे माप व नवे गुणोत्तर गाडीच्या संगणकात भरून घेतल्याशिवाय वेगमापक खरा वेग दाखवणार नाही आणि गिअरही अवेळी बदलतील.