‘हँडमेड’ला मराठीत काय म्हणावं?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मैत्रिणीने विचारलंय: मार्गारेट ॲटवूड यांच्या १९८५ सालच्या ‘द हँडमेड्स टेल’वर वाचनमंडळात मराठीत बोलायचं आहे, तर ‘हँडमेड’ला ‘सेविका’ म्हटलं तर चालेल का?

नको. सेविका म्हटलं की अंगणवाडीतल्या बाई डोळ्यांपुढे येतात, काम आटोपून आपल्या घरी जाणाऱ्या. कादंबरीतल्या गिलियड राज्यात मुलं होणं दुर्मीळ झालंय, म्हणून ज्यांना मूल होऊ शकेल अशा बायका पकडून बड्या अधिकाऱ्यांच्या घरी ठेवतात. महिन्यातून एकदा ‘विधी’, तोही मालकाच्या बायकोच्या साक्षीने. मूल झालंच तर ते तिचं, जन्म देणारीचं नाही.

याला आधार बायबलचा. राहेलला मूल होईना, तेव्हा तिने आपली दासी बिल्हा नवऱ्याला दिली. मराठी बायबलात ‘दासी’ हाच शब्द आहे, तोच घ्या. ‘बटीक’ अर्थाने अधिक जवळचा. पण तो ऐकताच शिवीसारखा लागतो, आणि गिलियडला तर सगळं पवित्र दिसायला हवं असतं.

आपल्याकडेही ही गोष्ट आहेच. अंबिकेने व्यासांकडे दुसऱ्यांदा स्वतः न जाता दासीला पाठवलं, तिच्या पोटी विदुर झाला. व्यास तिला म्हणतात, ‘अभुजिष्या भविष्यसि’, म्हणजे यापुढे तू दासी राहणार नाहीस. ‘भुजिष्या’ शब्दात उपभोगाचा ‘भुज्’ धातू आहे. संस्कृतने काही लपवलं नाही. त्या दासीचं नाव मात्र तिथे येत नाही.

खरी परीक्षा नायिकेच्या नावाची. ती ‘ऑफ्रेड’, म्हणजे फ्रेडची. मालक बदलला की नावही बदलणार. इंग्रजीत त्यात ‘अर्पण केलेली’ असाही ध्वनी ऐकू येतो, तो मराठीत आणता येत नाही. पण मराठीकडे ‘ची’ आहे. एका अक्षरात मालकीही आली आणि बाईपणही. फक्त कोण, ते सांगायचं राहिलं. जनाबाईही स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवते, पण पुढे ‘जनी’ असतेच. तिथे ‘ची’ तिने स्वतः लावून घेतलाय आणि नाव हातचं सोडलेलं नाही. गिलियडमध्ये ‘ची’ने नाव गिळलंय.

‘आंट’साठी मात्र ‘मावशी’च हवी, काकू किंवा आत्या नको. या आंट दासींना शिकवतात, धाकात ठेवतात, गुरांना टोचायची विजेची दांडी कमरेला बाळगतात. ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणणाऱ्या भाषेत, आणि बडोद्यात तर मासी-मासी करत वाढलेल्या आपल्या कानांना, तो शब्द तिथे ऐकून जो काटा येईल तो यायलाच हवा.

माझ्या आजीचं नाव लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरून आजोबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि पुढे घरात, रेशनकार्डावर, सगळीकडे तेच चाललं. जुनं नाव फक्त तिचा भाऊ घ्यायचा, भाऊबिजेला, दारातूनच हाक मारून. ती हाक आली की आजी हातातलं काम टाकून उठायची. आजोबा प्रेमळ होते, तिला कुणी डांबलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. पण कादंबरीतली बाई आपलं खरं नाव पुरलेल्या ठेव्यासारखं मनात जपते, ते वाचताना मला ती हाकच आठवली.

तेव्हा मोठ्याने वाचताना ‘फ्रेडची दासी’ म्हणू नका. नुसतं ‘फ्रेडची’ म्हणा आणि थांबा.